दिवस गेले, दिवस राहिले

मराठीत बाई गरोदर असली की 'तिला दिवस गेले' म्हणतात. 'दिवस राहिले' असंही म्हणतात. गेले काय आणि राहिले काय, बातमी एकच, ऐकणारा पेढेच मागतो. दोन उलटी क्रियापदं एका बातमीला कशी चालतात, हे वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत मला कधी खटकलं नव्हतं. २०२३च्या मे महिन्यात मला दिवस राहिले आणि जुलैत ते खरोखरचे गेले. तेव्हापासून दोन्ही शब्द उच्चारताना जीभ अडखळते.

मी तुर्भ्याला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. मोजणं हे माझं पोट भरायचं काम, आणि आता कळतंय, माझं दुखणंही तेच. आयव्हीएफ म्हणजे मोजणाऱ्या बाईला रानच मोकळं. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं, मग किती बीजं मिळाली, त्यातली किती फळली, पाचव्या दिवसापर्यंत किती टिकली. माझी नऊ, सहा, तीन. पाचव्या दिवसाचा गर्भ आत सोडला की त्याच क्षणी तुम्ही हिशोबाने दोन आठवडे पाच दिवसांच्या गरोदर. बाकीच्या बायकांना पाळी चुकल्यावर शंका येते, आम्हाला शंका यायच्या आधीच तारीख मिळते. या खेपेला ५ फेब्रुवारी २०२४ला गर्भ सोडला. डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायच्या आत मी म्हटलं, 'तेवीस ऑक्टोबर.' त्या हसल्या. मी हसले नाही, कारण मागच्या वेळीही मी अशीच तारीख काढली होती.

मागच्या वेळचं थोडक्यात सांगते, लांबवलं तर पुढचं लिहून व्हायचं नाही. सोनोग्राफीवाल्या बाई सुरुवातीला गप्पा मारत होत्या, पाऊस, लोकल, रस्त्यातले खड्डे. मग गप्पा थांबल्या. स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली. 'तुमच्या मॅडमना भेटून घ्या,' एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी नऊ आठवडे दोन दिवस व्हायला हवे होते, मापं आठ आठवडे चार दिवसांची होती. वजाबाकी मी तिथेच, पोटावर जेल असतानाच केली. पाच दिवस. त्या पाच दिवसांत आषाढी एकादशी येऊन गेली होती. साबुदाण्याची खिचडी खाऊन मी पोटाशी बोलले होते, 'तुला तिखट चालतं का रे?' म्हणून. तेव्हा ऐकायला आत कुणी नव्हतं. मळमळ होत होती, छाती दुखत होती, सगळं जागच्या जागी होतं. शरीराला पत्ता नव्हता, किंवा पत्ता असून ते मला सांगत नव्हतं. नंतरच्या सगळ्या भीतीचं मूळ मला या खिचडीच्या बशीत सापडतं.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'मिस्ड अबॉर्शन'. अबॉर्शन मी केलं नव्हतं, आणि मिस तर काहीच केलं नव्हतं, एक गोळीसुद्धा नाही. मराठीही फार दयाळू नाही. गर्भपात 'झाला' की 'केला', एवढ्याशा क्रियापदावर बाईचा निकाल लागतो. मी चार दिवसांची रजा टाकली, किरकोळ आजारपणाची, आणि पाचव्या दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायला बसले. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती, हे मला फार उशिरा कळलं. ऑफिसात कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते. जिने चढल्याने, लोकलने, भांडणाने, काळजी केल्याने मूल जात नाही. डोक्याला ते पटलं. पण आम्ही ठाण्याला चरईत राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यातल्या पायऱ्या त्रेपन्न. त्या चढताना पायांना ते अजून पटलेलं नाही.

उरलेले दोन गर्भ उणे १९६ अंशांवर, द्रव नायट्रोजनमध्ये होते. त्यातला एक या खेपेला. सासूबाई त्याला अजूनही 'टेस्ट ट्यूब' म्हणतात. १९८६च्या ऑगस्टमध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा, मुंबईची पहिली टेस्ट ट्यूब बेबी, जन्मली तेव्हा सासूबाई परळलाच राहत होत्या. पेपरातली बातमी त्यांनी कापून ठेवली होती म्हणे, का ते त्यांनाही आठवत नाही. 'आपल्या घरात लागेल असं कुठे वाटलं होतं तेव्हा?' असं त्या म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. मला उलट ते आवडलं. त्या सबंध महिन्यात माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

बाकी सगळे मला धीर देत होते. 'टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो.' या वाक्याएवढं टेन्शन मला दुसऱ्या कशानेच दिलं नाही. आधी नुसती भीती वाटायची, या वाक्यानंतर भीती वाटते याचीही भीती वाटायला लागली. 'चांगले विचार कर' म्हणणाऱ्यांचं मला विशेष आश्चर्य वाटतं. मागच्या खेपेला मी सगळे चांगलेच विचार केले होते. नावंसुद्धा काढून ठेवली होती.

रक्ततपासणी १९ फेब्रुवारीला, सोमवारी होती. शिवजयंती. नौपाड्यातल्या लॅबबाहेर ढोलताशा चालला होता आणि आत मुलगी माझी नस शोधत होती. संध्याकाळी पाचला मोबाइलवर एचसीजीचा, म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनचा, आकडा आला, ११४०. आकडा चांगला होता. पण एका आकड्याला अर्थ नसतो, तो दोन दिवसांत जवळपास दुप्पट व्हावा लागतो. म्हणजे आनंद बुधवारपर्यंत राखून ठेवायचा. बुधवारी दुप्पट झाला, तर मग ठोके दिसायला हवेत. ठोके दिसले की आठ आठवडे चार दिवस पार व्हायला हवेत. प्रत्येक वेळी आनंदाच्या पुढे एक अट येऊन बसायची.

मधल्या दिवसांत शरीर काही सांगेल तर त्यावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. रोज रात्री नवरा कंबरेत गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं तेलकट इंजेक्शन द्यायचा. आधी कुपी मुठीत धरून कोमट करायचा, नंतर त्या जागी गरम पाण्याची पिशवी. मळमळ, जडपणा, झोप, हे सगळं त्या औषधानेही होतं आणि गर्भानेही. मग छाती दुखतेय ती कुणामुळे? आणि आज कमी दुखतेय ती कुणामुळे? ऑफिसच्या बाथरूममध्ये मी दिवसातून अकरा वेळा जायला लागले, नुसतं बघायला. अकरा हा अंदाज नाही, मोजलेलं आहे.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस दिसलंच. तपकिरी, थेंबभर. जेवणाच्या सुट्टीनंतर. डॉक्टरांना फोन लावला. त्या शांत होत्या: तपकिरी म्हणजे जुनं रक्त, लालभडक आलं, गाठी पडल्या, कळा आल्या तर लगेच निघा, नाहीतर उद्या सकाळी बघू. मी तुर्भ्याहून ठाणे लोकल पकडली. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. त्या वर्षी जानेवारीतच ऐरोलीच्या पुढे दिघा गाव हे नवं स्टेशन सुरू झालं होतं. तिथल्या माणसांनी त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली असेल. पण त्या दुपारी गाडी दिघ्याला थांबली, चारदोन जण चढले, आणि त्या एका जास्तीच्या स्टेशनचा मला असा संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. पुढे कळव्याची खाडी आली, भरतीचं गढूळ पाणी. मी मनात म्हणत होते, खाडी ओलांडली की काही होणार नाही. ठाण्याला फलाटावर उतरले तेव्हा म्हणत होते, पूल चढून उतरले की काही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके होते. एकशे अठ्ठावीस. सोनोग्राफीआधी एफ फॉर्मवर सही करायची असते, मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही म्हणून. भिंतीवर ती ठळक पाटीही असते. दर वेळी सही करताना मला वाटतं, अहो, मला एवढंच जाणून घ्यायचंय की आहे की नाही.

त्या रात्री झोप आली नाही. रात्री दोनला मोबाइलवर काहीबाही वाचत बसायची सवय लागली होती, आणि त्या वाचनातून चांगलं काही हाती लागत नाही. एकदाच लागलं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्याबद्दल वाचलं. इंग्लंडमधल्या पहिल्या आयव्हीएफ बाळानंतर काही आठवड्यांतच, ३ ऑक्टोबर १९७८ला, त्यांच्या प्रयोगातून दुर्गा जन्मली, आणि तीही गोठवलेल्या गर्भातून. सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. १९८१मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं. मान्यता मिळाली ती ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी. माझा गर्भही आठ-नऊ महिने बर्फात होता. अंधारात नवऱ्याला न उठवता मी त्या माणसासाठी रडले. स्वतःसाठी रडता येत नव्हतं, अपशकुन वाटायचा. दुसऱ्याचं निमित्त मिळालं.

तसंच एका रात्री १४४१६ला फोन लावला, सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलणारी मुलगी होती. तिने मला शांत व्हा म्हटलं नाही. 'ताई, आत्ता या क्षणी काय वाटतंय ते सांगा,' म्हणाली. मी वीस मिनिटं आकडे सांगितले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, 'एवढं सगळं एकट्याने पाठ ठेवता तुम्ही?'

त्यानंतर समुपदेशकाकडे गेले. ठाण्याला याचं वावडं नाही. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तेव्हापासून या गावात मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे काही भयंकर, असं फारसं कुणाला वाटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीच म्हणाल्या होत्या, 'दाताला जातेस ना, तशी जा.' मी ज्या बाईंकडे गेले त्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करतात. त्यांनी एक कागद दिला, मनात जे फिरतंय ते जसंच्या तसं लिहा म्हणाल्या. मी लिहिलं: हे मूल टिकायलाच हवं. या वेळी काही चुकताच कामा नये. आत काय चाललंय ते मला कळायलाच हवं.

त्यांनी पेन्सिलीने तीन गोल काढले. तिन्ही 'च'भोवती.

'आता हे काढून वाचा.'

हे मूल टिकायला हवं. वाचलं. इच्छा तसूभरही कमी झाली नव्हती, पण वाक्य मागणं मागत होतं, धमकी देत नव्हतं. व्याकरणात एवढीशी जागा असलेलं अक्षर, आणि माझ्या मानेवर बसलं होतं. हे वाचायला फार सोपं वाटेल, म्हणून सांगते, तो 'च' काढला की जात नाही. डासासारखा आहे. दिवा मालवला की कानाशी येतो.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मला आधी पोरकट वाटलं. काळजीची वेळ ठरवा. रोज पंधरा मिनिटं, तेवढ्यात काय ती करा, बाकी वेळी आली तर वहीत लिहा आणि तिला सांगा, नंतर. मी संध्याकाळी सात ते सव्वासात ठरवलं, जागा तलावपाळी. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसायचं, पलीकडे कोपिनेश्वराची घंटा, पाण्यात बोटी, मागे भेळवाले. नवरा शेजारी बसायचा. त्याने उत्तरं द्यायची नाहीत असं ठरलं होतं. मी वहीतली यादी वाचायची. दुपारी दोनला लिहिलेली काळजी सातला वाचताना कधीकधी हास्यास्पद वाटायची. कधी अजिबात वाटायची नाही. तेव्हा पंधरा मिनिटं पुरायची नाहीत आणि आम्ही तलावाला आणखी एक फेरी मारायचो. पोटावर लावून ठोके ऐकायचं एक यंत्र मी ऑनलाइन मागवलं होतं, ते परत पाठवायचा निर्णयही तिथलाच. डॉक्टरांनी बजावलं होतं, आईचेच ठोके बाळाचे वाटतात, आणि इतक्या लवकर काही ऐकू आलं नाही तर तुम्ही रात्रभर मराल.

एका संध्याकाळी मी वही उघडायच्या आधी तो म्हणाला, 'आज मी बोलू?' मग सांगत राहिला. दुपारी मोबाइलवर माझं नाव दिसलं की तो उचलण्याआधी मनात पाचपर्यंत मोजतो. ऑफिसात डब्याच्या वेळी फोन उलटा ठेवतो. रिकाम्या कुप्या तो टाकत नव्हता, कपाटाच्या वरच्या कप्प्यात बुटाच्या खोक्यात ठेवत होता, का ते त्याला सांगता येईना. मला वाटत होतं घरात मोजणारी मी एकटीच आहे.

१७ मार्च, रविवार. आठ आठवडे चार दिवस. ही तारीख मी कुणाला सांगितली नव्हती, पण कॅलेंडरवर त्या चौकोनात काहीच लिहिलेलं नाही हे बघून नवऱ्याने ओळखलं. बाकी सगळ्या चौकोनांत काही ना काही होतं. त्या दिवशी आम्ही काही विशेष केलं नाही. त्याने पिठलं केलं, जरा करपलं. दुपारी झोपलो. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. सोनोग्राफीवाल्या बाई या वेळी वेगळ्या, वेगळी जागा, ते मी आधीच सांगून ठेवलं होतं. आणखी एक विनंती केली होती: बोलायचं थांबू नका, वाईट असलं तरी. त्यांनी प्रोब ठेवला आणि पहिल्याच सेकंदाला म्हणाल्या, 'हे बघा, आहे.' मग मापं घेताना सबंध वेळ, केवळ माझ्यासाठी, त्यांच्या मुलाच्या दहावीबद्दल बोलत राहिल्या.

होळीनंतरच्या आठवड्यात इंजेक्शनं थांबली. यासाठी बाई देव पाण्यात घालते असं तुम्हाला वाटेल. मी मात्र घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, 'वार तयार झालीय, आता ती सांभाळेल.' वार, म्हणजे प्लॅसेंटा, हा शब्द मी तोवर फक्त म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकला होता. पन्नास रात्री सुई टोचून घेतल्यावर हे काम कुणा न पाहिलेल्या वारेवर सोपवायचं म्हणजे, माझं बँकेतलं सगळं खातं अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखं होतं. पहिल्या रात्री साडेनवाला दोघांनाही काय करावं सुचेना. नवऱ्याने सवयीने पाणी गरम केलं. मग त्यात चहा टाकला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एनटी स्कॅन झाला, बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात तो. बारा आठवडे. आई आदल्या आठवड्यातच चिपळूणहून एसटीने आली होती. खोपटला उतरली तीच नारळ, तांदूळ आणि हिरवा खण घेऊन. स्कॅन बरा आल्याचं कळल्यावर संध्याकाळी तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. 'तिसऱ्यात चोरओटी भरायची असते,' म्हणाली. 'कुणाला सांगायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही.' मी गाऊनवर होते, ओढणीचाच पदर केला. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. आतापर्यंत मी बातमी लपवत होते याची मला लाज वाटायची, माझाच विश्वास कमी पडतोय असं वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं, लपवण्याचासुद्धा रिवाज आहे आपल्यात. म्हणजे घाबरणारी मी पहिली नव्हे.

ओटीतले तांदूळ सारखे करत आई म्हणाली, 'दादाच्या नंतर आणि तुझ्या आधी एक होतं.'

मी विचारलं, किती आठवड्यांचं?

'आठवडे कुठले? दोनदा पाळी चुकली होती. लावणीचे दिवस होते. गेलं. चौथ्या दिवशी परत लावणीला उतरले चिखलात.' थांबून म्हणाली, 'त्या वर्षी भात चांगलं आलं. मला ते खावंसं वाटेना.'

एवढंच. तिच्याकडे ना तारीख होती, ना माप, ना कागद. चाळीस वर्षं नुसत्या लावणीवर तिने ते लक्षात ठेवलं होतं. मी ओढणीची गाठ मारली. कुकर बंद केला.

पुढचे महिने भरभर सांगण्यासारखे आहेत. मे अखेरीस एकोणिसाव्या आठवड्याचा मोठा स्कॅन, हात, पाय, मणका, हृदयाचे चार कप्पे. बाळाने नाकावर हात धरला होता, आम्हाला वीस मिनिटं बाहेर फेऱ्या मारायला लावलं. जूनमध्ये पाऊस आणि त्याच आठवड्यात, रबाळ्याच्या आसपास, पोटात मासोळी वळल्यासारखं काहीतरी. मी शेजारच्या बाईला सांगणार होते, पण ती झोपली होती. भीती गेली का? नाही. चोविसाव्या आठवड्यापर्यंत मी बाळासाठी एक टोपडंही विकत घेतलं नाही. राम मारुती रोडवर त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडायचे. मग एकदा ओलांडायचा राहिला. टोपडं पिवळं आहे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून हालचाली मोजायला सांगितल्यात. रात्री जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. म्हणजे डॉक्टरांनीच मला मोजायला दिलं. वहीत रोजचं एक पान, दहा रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. बहुतेक रात्री अर्ध्या तासात होतात.

परवा दहीहंडी झाली. टेंभी नाका आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, दिवसभर थरांचा आणि डीजेचा गोंगाट, रात्री उशिरापर्यंत कुठून तरी ढोल चालूच होता. मी वही-पेन्सिल घेऊन पडले. ढोलाचा दणका खिडकीच्या काचेला लागायचा आणि पोटातही लागायचा. एक, दोन, तीन. हा आतला की बाहेरचा? चार. पाच नक्की आतला, बरगडीखाली. सहा. सात.

सकाळी जाग आली तेव्हा पेन्सिल पाठीखाली होती आणि वहीवर सातच रेघा. दोन क्षण काळजात धस्स झालं. मग पोटात डावीकडे एक टाच बसली, जोरात, आणि लगेच आणखी एक. मी पेन्सिल शोधली. कालच्या पानावर आठवी-नववी ओढणार होते, पण तारीख बदलली होती. कालचं पान सातवरच राहिलं. नवं उघडलं, अठ्ठावीस ऑगस्ट घातली आणि एक रेघ ओढली. दुसरी ओढायची राहिली, चहाला हाक आली.